चौदा दिवसांची गोळी आणि मैनाबाईचं घर

ऊर्जानगरच्या वसाहतीत सकाळी फिरायला निघणारे आम्ही पाच-सहा निवृत्त लोक आहोत. बाकी सगळे वीज केंद्रातले. कुणी टर्बाइनवर होता, कुणी कोळशाच्या पट्ट्यावर. मी मुलाच्या क्वार्टरमध्ये राहणारा उपरा. "तुम्ही कशात होते?" असं कुणी विचारलं की मी "आरोग्य खात्यात" एवढंच सांगतो आणि गप्प बसतो. त्या गप्प बसण्यामुळे दोघं-तिघं मला डॉक्टरसाहेब म्हणायला लागले आणि मीही त्यांना अडवलेलं नाही. मागे एकाने चालता चालता थांबून गुडघा दाखवला. मी तो गंभीर चेहऱ्याने दाबून पाहिला आणि जिने कमी चढा म्हणालो. त्याला बरं वाटलं म्हणे.

खरं काय ते इथे सांगून टाकतो. मी आरमोरी तालुक्यात मलेरियाचा आरोग्य सेवक होतो. आधी सायकलवर आणि पुढे मोटरसायकलवर गावोगाव हिंडायचं, ताप आलेल्या माणसाच्या बोटाला सुई टोचायची, काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, तपासणीला पाठवायचा आणि मलेरिया निघाला की गोळ्या घेऊन परत त्याच दारात उभं राहायचं. लोक मला 'गोळीवाले भाऊ' म्हणायचे. पोरं मला लांबून पाहिलं की बोटं मुठीत लपवून पळायची. नोकरीत मी माणसांचे चेहरे जेवढे पाहिले नसतील तेवढ्या त्यांच्या जिभा पाहिल्या. कशा, ते सांगतो.

आमच्या जंगलपट्ट्यात मलेरियाचे दोन प्रकार जास्त. एक मेंदूत जाऊन पटकन मारणारा. दुसरा व्हायव्हॅक्स. हा सहसा मारत नाही, पण पिच्छा सोडत नाही. ताप उतरतो, माणूस कामाला लागतो, आणि दोन-तीन महिन्यांनी थंडी वाजून पुन्हा आडवा होतो, कारण हा मलेरिया लिव्हरमध्ये दडी मारून बसतो. त्याला तिथून उखडायला प्रायमाक्विन नावाची गोळी असते. रोज एक वेळा, चौदा दिवस. खरी अडचण तिथेच. तिसऱ्या दिवशी ताप जातो, चौथ्या दिवशी माणूस धानाच्या बांधीत रोपं लावायला, म्हणजे रोवण्याला उतरतो आणि उपाशीपोटी घेतली की पोट ढवळणारी ती गोळी त्याला शत्रूसारखी वाटायला लागते. चौदा दिवस पुरे करणारा रोगी म्हणजे आमच्या खात्यात देवमाणूस.

मी पुरे करून घ्यायचो. समोर उभं राहायचं, गोळी तोंडात टाकायला लावायची, वरून गिलासभर पाणी, आणि मग "जीभ वर करा." जिभेखाली गोळी दडवणारे फार. एका म्हाताऱ्याने तर कमाल केली होती. तो रोज माझ्यादेखत गोळी घ्यायचा, जीभ साफ दाखवायचा आणि मी वळलो की गालातून काढून बैलाच्या आंबोणात टाकायचा. हे मला कळलं नवव्या दिवशी, तेही तो स्वतःच कौतुकाने सांगायला लागला म्हणून. "भाऊ, तुमच्या गोळीनं बैल मस्त झाला," असं तो म्हणाला. मी बैलाची जीभ पाहिली नाही, एवढंच काय ते.

मासिक सभेत साहेब माझं उदाहरण द्यायचे. "याच्या गावांत कोर्स पूर्ण होतो." मी मान खाली घालून लाजल्यासारखं करायचो. मला स्वतःला एकदा व्हायव्हॅक्स झाला, तेव्हा मी सहाव्या दिवशी गोळ्या बंद केल्या होत्या, ही गोष्ट बायकोशिवाय कुणाला माहीत नाही. आता तुम्हालाही झाली.

या माझ्या कोर्सच्या अभिमानापायी एक माणूस मरता मरता वाचला. ही हकीकत त्याचीच आहे, आणि त्याच्या आईची.

कवठटोला म्हणजे जंगलाच्या कडेला तीस-पस्तीस घरं, समोर धानाच्या बांध्या. तिथे मैनाबाई म्हणून एक बाई होती. नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा रामदास तिने एकटीने वाढवला. रामदास बावीस-तेवीस वर्षांचा असताना ऐन रोवण्यात तापला. काचपट्टी तपासून आली, व्हायव्हॅक्स निघाला. मी पिशवी घेऊन दारात हजर झालो.

मैनाबाई उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, "भाऊ, तापाची गोळी द्या, पण ते चौदा दिवसाची नोका देऊ. आमच्या घरच्या माणसाइले ते सोसत नाई."

"काऊन सोसत नाई?"

"माह्या भावाले देल्लती. बांबू तोडाले गेलता तवा. लघवी काळी झाली, मरता मरता वाचला. माह्या मामाचंबी असंच झालतं म्हणे कोनत्या तरी औषधानं. माय सांगत होती."

आज हे लिहिताना माझे कान गरम होतात. मामा आणि भाऊ, दोन पिढ्या, आणि दोघांना जोडणारी मध्ये एक बाई. ज्याला या विषयातलं कळतं त्याने तिथेच वही काढली असती. मी पाण्याचा गिलास मागितला.

"गोळीले घर समजते का, बाई?" मी म्हणालो. "गोळी सगळ्याइले सारखीच." हे वाक्य मला इतकं आवडलं की पुढच्या सभेत मी ते साहेबांनाही ऐकवलं.

रामदासने गोळी घेतली. मी जीभ पाहिली. दुसरा दिवस, तिसरा दिवस. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "भाऊ, लघवी चहावानी होऊन राह्यली."

"ताप होता ना आंगात. पानी पेत जा," असं म्हणून मी चौथी गोळी त्याच्या हातावर ठेवली. आता हे माझं अज्ञान होतं असं मी म्हणू शकत नाही. आम्हाला प्रशिक्षणात एक छापील कागद दिला होता. त्याच्या तळाशी स्पष्ट लिहिलं होतं की लघवी गडद झाली तर गोळी थांबवा आणि रोग्याला दवाखान्यात न्या. प्रशिक्षणाच्या परीक्षेत मी ते बरोबर लिहून पूर्ण गुण घेतले होते. गावात मात्र मला चौदा हा आकडा दिसत होता.

पाचव्या दिवशी गेलो तर रामदास भिंतीला टेकून बसला होता. डोळे हळदीसारखे पिवळे, उठायला सांगितलं तर धाप लागली. मैनाबाईने आरडाओरडा केला नाही. आत गेली आणि एक काचेची बाटली आणून माझ्यासमोर धरली. तिने त्याची सकाळची लघवी त्यात धरून ठेवली होती. बिनदुधाच्या कडक चहाचा रंग. "हे पाहा," एवढंच ती म्हणाली.

त्यानंतरची धावपळ सांगत बसत नाही. आरोग्य केंद्राची गाडी, तिथून गडचिरोली, भरती, रक्ताची पिशवी. त्याच्या अंगातलं रक्त निम्म्याच्या खाली आलं होतं. दोन दिवस डॉक्टर भरवसा देत नव्हते. मी माझं रक्त घ्या म्हणून पुढे झालो, तर माझा गट जुळला नाही. सगळे सोपस्कार करून मी व्हरांड्यात बसलो. शेजारी मैनाबाई बसली होती. एकदा तिने मला पाणी दिलं. त्या वेळी तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

तिसऱ्या दिवशी रामदासने भात मागितला. तेव्हा तिथल्या डॉक्टर मॅडमनी मला बाजूला बोलावलं आणि शाळेतल्या पोराला समजावतात तसं समजावलं. आपल्या रक्तातल्या प्रत्येक तांबड्या पेशीत एक राखणदार असतो. तो राखणदार कसा बनवायचा याचा लेखी हुकूम म्हणजे एक जीन. त्याचं नाव जी-सिक्स-पीडी. काही माणसांकडे या हुकमात एखादं अक्षर इकडचं तिकडं झालेलं असतं, त्यामुळे राखणदार दुबळा निघतो. एरवी त्याने काही बिघडत नाही. माणूस नांगरतो, नाचतो, म्हातारा होतो, त्याला पत्ताही लागत नाही. पण काही औषधं रक्तात अशी काही धुमाकूळ घालतात की राखणदार नसलेल्या पेशी फटाफट फुटतात. फुटलेल्या पेशींचा रंग लघवीत उतरतो. त्या औषधांत आमची चौदा दिवसांची गोळी पहिल्या नंबरवर.

"आणि हे आईकडून येतं," मॅडम म्हणाल्या. "मुलाला हा हुकमाचा कागद एकच मिळतो, आईकडून. मुलीला दोन मिळतात, एक आईचा, एक बापाचा. एक बिघडलेला असला तरी दुसऱ्यावर बहुतेक निभावतं. म्हणून हे मामाला होतं, भाच्याला होतं, आणि मधली बाई धडधाकट दिसते." मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. असा बिघडलेला कागद असलेल्या रक्तात मलेरियाचा जंतू नीट वाढत नाही असं शास्त्रज्ञांना वाटतं. म्हणूनच जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया आहे, तिथे हा कागद टिकून राहिला. औषधं नव्हती तेव्हा या कागदाने माणसं जगवली असतील.

मला ते सगळं फार भावलं. इतकं भावलं की परत येऊन अहवाल लिहिताना मी लिहिलं, 'रुग्णास औषध सोसले नाही.' कुणी दिलं, कुणाच्या सांगण्याविरुद्ध दिलं, कितव्या दिवशी थांबवायला हवं होतं, यातलं काहीही त्यात नव्हतं. शासकीय मराठीत माणूस फार छान लपतो.

मग मी नव्याने माळ घातलेल्या माणसासारखा वागायला लागलो. ज्या गावात जाईन तिथे बायकांना विचारायचं, तुझ्या भावाला कधी काळ्या रंगाची लघवी झाली का, तुझ्या मामाला झाली का. जिथे हो मिळेल तिथल्या पोरांची, बाप्यांची नावं मी एका यादीत लिहायचो. यांना गोळी देऊ नये. पुढे जी-सिक्स-पीडीची चाचणी आली आणि तिच्यात त्यातली बरीच नावं खरी ठरली. साहेबांनी सभेत पुन्हा माझं उदाहरण दिलं. मी पुन्हा लाजलो.

कवठटोल्यातल्या शाळेच्या वर्गात मी गाव जमवून एक व्याख्यानही दिलं. घरून मोठा कागद आणि जाड पेन नेलं होतं. सगळ्यात वर एक गोल काढला आणि त्यात लिहिलं मैनाबाई. खाली रेघ, रामदास. बाजूला रेघ, मैनाबाईचा भाऊ. "हा दोष आईकडून येते," मी ठासून सांगितलं आणि मैनाबाईचा अर्धा गोल काळ्या शाईने भरला. लोक तल्लीन झाले. असं तल्लीन गाव मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मलेरियापासून या बिघडलेल्या जीननेच माणसं जगवली असतील, हा भाग मी शेवटाला ठेवला होता. पण तेवढ्यात चहा आला. चहा आल्यावर कवठटोल्यात कुणाचं काही ऐकलं जात नाही, आणि मलाही चहा आवडतो.

मैनाबाई मागे बायकांत बसली होती. चहा न घेता निघून गेली. घरी काम असेल असं मला वाटलं.

रामदासची वडश्याकडे सोयरीक ठरत आली होती. ती मोडल्याचं पुढच्या फेरीत कानावर आलं. सोयरिका मोडतात, मी कारण विचारलं नाही. वर्ष-दीड वर्षात त्याचं लग्न मैनाबाईच्या भावाच्या मुलीशी, सुनंदाशी झालं. आमच्याकडे मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क पहिला, त्यामुळे कुणाला त्यात नवल वाटलं नाही. मलाही आग्रहाचं आमंत्रण होतं. मांडवात मी नवरीच्या बापाशेजारी, म्हणजे काळी लघवी होऊन वाचलेल्या रामदासच्या त्या मामाशेजारी पंगतीला बसलो. तो माझ्या यादीत होता. जावईही माझ्या यादीत होता. दोन्ही नावं माझ्याच अक्षरात एकाच पानावर लिहिलेली. मी बुंदी दोनदा घेतली आणि "लय चांगलं जमलं" असं सगळ्यांना सांगत फिरलो.

माझ्या यादीत एकूण एक पुरुष होते. ही त्या यादीतली खोट मला सात-आठ वर्षं दिसली नाही.

रामदासला मुलगी झाली. तिचं नाव प्राची. धीट पोर. मला पाहून बोटं न लपवणारी त्या टोल्यातली ती एकटीच. सहा वर्षांची असताना ती तापली आणि व्हायव्हॅक्स निघाला. माझ्या निवृत्तीला तेव्हा वर्ष राहिलं होतं. जी-सिक्स-पीडीची चाचणी तोवर तालुक्याच्या ठिकाणी होत होती. नमुना पाठवला की दोन दिवसांत उत्तर मिळायचं. मी नमुना पाठवला नाही. मुलगी होती ना.

गोळी गुळात चुरून द्यायला लागलो तेव्हा रामदासच म्हणाला, "भाऊ, इले चालते ना?"

"पोरीले काई होत नाई. तुह्या मायले झालं का कधी?" मी म्हणालो आणि लहान मुलाच्या मापाची गोळी तिच्या तोंडात टाकली. तिने न सांगता जीभ दाखवली.

दुसऱ्या दिवशी गेलो तर मैनाबाई घरी होती. आदल्या दिवशी ती बांधीत होती. आता केस पांढरे झालेले, कंबर थोडी वाकलेली. मी गुळाची गोळी पुढे केली तशी तिने नातीच्या तोंडावर स्वतःचा हात ठेवला.

"कोनती हाय हे?"

"चौदा दिवसाची. पन बाई, पोरीले चालते. पोरीपाशी दोन कागद असते ना. एक खराब असला त दुसरा—"

"रामदासचं काळं इले आलं का नाई?"

"आलं. बाप पोरीले देतेच. पन ते एकच झालं. दुसरा मायकडून येते."

"माय कोनाची पोर हाय?"

मी गुळाची गोळी धरलेला हात खाली घेतला.

"माह्या भावाची," ती म्हणाली. "त्याची लघवी काळी झालती हे मीच तुमाले सांगतलं. इथीच, याच दारात. आता मले सांगा, दोन्हीकून येऊ शकते का नाई?"

मी बोटं मोजायला लागलो. बाप, बापाची आई, आईचा बाप. साठीला टेकलेला, कागदावर रेघा काढून गावाला शिकवणारा माणूस सहा वर्षांच्या पोरीसमोर बोटं मोजत उभा होता, आणि जिला अक्षरओळख नव्हती त्या बाईने ते उभ्या उभ्या मनात सोडवलं होतं.

"येऊ शकते," मी म्हणालो.

माझ्याच मोटरसायकलवर, रामदासच्या मांडीवर तिला बसवून आम्ही दवाखान्यात नेलं. संध्याकाळी तिची लघवी थोडी लालसर झाली. चाचणीत कळलं की राखणदार जवळजवळ नाहीच, दोन्ही कागद बिघडलेले. पण पोटात एकच गोळी गेली होती. रक्त थोडं उतरलं, पिशवी लावावी लागली नाही. ते चार दिवस मी रोज दवाखान्यात जाऊन त्या पोरीच्या लघवीचा रंग बाटलीत धरून उजेडाकडे पाहायचो. नर्स मला हसायच्या. चौथ्या दिवशी बाटली स्वच्छ पाण्यासारखी निघाली तेव्हा मी रडलो. तिथे उभ्याउभ्या, बाटली हातात घेऊन. त्याचं मला काही वाटत नाही.

मैनाबाई व्हरांड्यात नातीचे केस विंचरत होती. मी जाऊन समोर बसलो. इतक्या वर्षांचं राहिलेलं बोलायला मला हीच वेळ सापडली.

"बाई, माह्यानं चुकी झाली."

"कोनती?" तिने विचारलं. मला वाटलं ती टोमणा मारते आहे, पण तसं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं मी कशाबद्दल बोलतो आहे.

"गोळीची. रामदासचीबी आन इचीबी."

"गोळीचं जाऊ द्या," ती म्हणाली. "पोरगा वाचला, पोरगी वाचली. तुमी दोनी खेपा दवाखान्यात बसून राह्यले, मी पाह्यलं. पन त्या दिवशी शाळेत तुमी माह्यं नाव वर लिवलं आन त्यात काळं भरलं. तवापासून मी गावात काळ्या रगताची बाई झाली. वडश्याची सोयरीक काऊन तुटली, मालूम हाय? त्याइनं निरोप धाडला, मायच्या रगतात दोष हाय म्हणून. मंग कोनी पोरगी देईना. शेवटी भावाले हात जोडले. तो म्हणे, आपलंच रगत हाय, आपल्याले कोन बोलन." तिने कंगव्यातला केसांचा गुंता काढला. "तुमी जेवाले आलते."

मी तिथेच बसून उलटं मोजत गेलो. मुलीला दोन्हीकडून तो कागद आला, कारण मामाची पोर सून म्हणून आली. मामाची पोर आली, कारण बाहेर कुणी पोरगी देईना. बाहेर कुणी देईना, कारण मी जाड पेनाने एक गोल काळा केला होता. आणि त्यातली जी गोष्ट सांगितली असती तर कदाचित लोकांनी वेगळा विचार केला असता, ती मी चहासाठी सोडली होती. सुनंदा गुणी सून आहे, संसार चांगला चालला आहे, हे खरं. पण ते माझ्या हुशारीने नव्हे.

पुढच्या आठवड्यात मी कवठटोल्यात पुन्हा लोकांना शाळेत जमवलं. या वेळी कागद नेला नाही. चहा नंतर द्या असं आधीच सांगून ठेवलं. उभा राहिलो आणि जेवढं आयुष्यात कधी अवघड गेलं नव्हतं तेवढं अवघड ते बोलणं गेलं.

"मांगं मी इथी सांगतलं होतं का हे मैनाबाईकून आलं," मी म्हणालो. "ते अर्धं सांगतलं. मैनाबाईले ते तिच्या मायकून आलं, तिच्या मायले तिच्या मायकून. इतक्या पिढ्या ते त्या घरात हाय, त्यानं आपल्या मनानं कोनाले बिमार केलं नाई. कोनी जाणे, मलेरियातून त्या घरचे लोक त्यानंच वाचले असन. बिमार केलं ते गोळीनं. बांबूवर भावाले कोनीतरी देल्ली. रामदासले मी देल्ली, बाई नोका म्हणत असताना. प्राचीलेबी मीच देल्ली. जीन मैनाबाईचा हाय, गोळी माही हाय. काळं भराचंच होतं त माह्या नावात भराचं होतं."

टाळ्या वगैरे पडल्या नाहीत. मग मागून एकाने विचारलं, "भाऊ, यंदा फवारनी कधी हाय?" मी तारीख सांगितली. चहा आला.

लोक उठल्यावर मैनाबाई नातीचा हात धरून माझ्याकडे आली. ती या वेळी चहा प्यायली होती.

"आता बराबर सांगतलं," ती म्हणाली. "पन इचं लगन व्हाले अजून पंधरा वर्ष हाय. तवा लोक पुन्हा इचारतीन. तुमी असान का सांगाले?"

मी मनात वय मोजलं. उत्तर काही खात्रीचं आलं नाही. "लिहून ठेवतो, बाई," मी म्हणालो. "छापून आणतो कुठी तरी. तुमचं नाव नाई घालत."

"नाव घाला," ती म्हणाली. "बदनामी नावानं झाली. नाव लपवलं त कोनाले समजन का हे कोनाच्या नातीचं हाय?"

म्हणून या दिवाळी अंकाच्या संपादकांनी नोकरीचे अनुभव लिहा म्हटल्यावर मी दुसरं काही लिहिलं नाही. कवठटोल्याची प्राची, रामदास आणि सुनंदाची मुलगी, मैनाबाईची नात, आता पाचवीत आहे. तिच्या रक्तात दोष नाही. तिला काही औषधं चालत नाहीत, त्यांची यादी तिच्या दवाखान्याच्या कार्डावर आहे आणि ती यादी मी केलेली नाही, डॉक्टरांनी केली आहे. पुढेमागे तिला मागणी घालणाऱ्या घराने याबद्दल काही विचारायचं असेल तर मला विचारू नये. तिच्या आजीला विचारावं. ती पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होती.